पाच पिंजरे आणि माझी बसायची जागा

मी, श्रीमती गुरम्मा भ्र. गुरुपादप्पा हुडगे, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार हिंगणवाडी, तालुका चाकूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चांगल्या उजेडात आणि मागे कोणी उभे नसताना लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझा मुलगा वीरभद्र याने डॉक्टरांना सांगितले की आई घुशींशी बोलते. ते खरे आहे. मात्र घुशी मला उत्तर देतात असे मी कधीही म्हटलेले नाही. डॉक्टरांनी हे ऐकून घेतले आणि दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. गावातले राहते घर वीरभद्रला मिळावे. त्र्याण्णवच्या भूकंपात या घराची मागची भिंत पडली होती. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी घरोघर एकच विचारले, "भूकंपानंच पडली ना?" सगळी गल्ली "हाव" म्हणाली. माझे पती म्हणाले, "साहेब, खरं सांगू का, घुशीनं आधीच पोखरून ठेवली होती. भूकंपानं नुसतं बोट लावलं." साहेबांनी तसेच लिहून घेतले. शेजाऱ्यांना घरे मिळाली, आम्हाला पत्रे मिळाले. त्या माणसाच्या खरेपणावर माझा राग होता आणि अजून थोडा शिल्लक आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेते.

कलम २. बँकेतली ठेव, शिवणयंत्र आणि पुस्तकांचे कपाट हेही वीरभद्रला. लातूरला त्याचे क्लास आहेत. तो चांगले शिकवतो. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकले आहे. फक्त मुलाने हात वर केला की "शंका शेवटी" म्हणतो, आणि शेवटी घंटा होते. हे तो माझ्याकडून शिकलेला नाही.

कलम ३. पाच पिंजरे. हे चाकूरचे पत्राकाम करणारे निजामोद्दीनभाई यांनी त्याच भूकंपाच्या पत्र्यांतून बनवून दिले. आमच्या घरात जीव मारत नाहीत, म्हणून चाप नको आणि औषध तर मुळीच नको, असे मी सांगितले होते. शिवाय आत पाण्याची वाटी बसेल अशी जागा हवी आणि उन्हाच्या बाजूला पत्रा हवा. निजामोद्दीनभाई म्हणाले, "बाई, घूस धरायची हाय का पावनी ठेवून घ्यायची हाय?" पण त्यांनी वाटीची जागा केली. पिंजरे अजून गंजलेले नाहीत. ते कोणाला द्यायचे हे पुढे येईल.

कलम ४. लातूर-नांदेड रस्त्याला लागून असलेली दीड एकर जमीन. ही मी माझ्या पगारातून घेतली असून सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिच्या पलीकडे माझे दीर महादेवप्पा यांचे रान आहे. "बाईच्या नावावर रान कशाला पायजे," असे ते खरेदीच्या दिवशी म्हणाले, आणि त्याच वर्षी बांध हातभर माझ्या बाजूला सरकला. बांध आपोआप सरकत नसतो. आम्ही बोलणे सोडले.

न बोलता आम्ही जे केले ते इथे नोंदवते. माझ्या भुईमुगात घूस सापडली की मी पिंजरा उचलून बांधावर न्यायची आणि दार पलीकडे करून उघडायची. महादेवप्पाही मारत नाहीत. ते त्यांच्या पिंजऱ्यात सापडलेली घूस माझ्याकडे सोडायचे. मी आमिषाला कांदाभजी लावत असे, ते गूळखोबरे लावत. एक कान तुटलेली घूस होती, ती इतक्या वेळा माझ्या पिंजऱ्यात आली की मी तिला ओळखू लागले. तिला माझ्याकडे भजी मिळत आणि त्यांच्याकडे खोबरे. माहेर-सासर करून ती चांगली अंगाने भरली. दोन्ही रानांचा भुईमूग मात्र तिनेच खाल्ला. हे आम्हा दोघांनाही कळत होते, पण आधी थांबायचे कोणी?

कलम ५. माझे पती दोन हजार चार साली लिंगैक्य झाले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना याच रानात, बांधाजवळ, पद्मासनात बसवून समाधी दिली. विभूती, बेलपत्र, हातात इष्टलिंग, सगळे रीतसर झाले. गडबडीत त्यांचा चष्मा सदऱ्याच्या खिशात राहून गेला.

दुसऱ्या वर्षी समाधीच्या कडेला घुशीने बीळ केले. मी माती भरायची, ती उकरायची. एके सकाळी महादेवप्पा कित्येक वर्षांनी माझ्या दारात आले. हातात चष्मा होता, एक काच शाबूत.

"वहिनी," ते म्हणाले, "दादाचा चष्मा माझ्या रानात निघाला."

मी म्हटले, "घुशीनं ओढत नेला असंल."

"असंल," ते म्हणाले. मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "का बांध बघाया आला असंल?"

त्या आठवड्यात बांध हातभर मागे गेला. कोणी सरकवला हे मी विचारले नाही. आमचे बोलणे सुरू झाले, घुशी सोडणेही सुरूच राहिले. त्यात आता राग नव्हता, सवय होती. पण एक गोष्ट झाली. तेव्हापासून महादेवप्पा रोज सकाळी आपले पिंजरे बघून झाले की समाधीभोवती फिरतात आणि बीळ दिसले की बुजवतात. मी दवाखान्यात होते तेव्हाही बुजवत होते.

कलम ६. वीरभद्रला त्या जमिनीवर निवासी क्लास बांधायचा आहे. रस्ता लागून आहे, मुलांचे लक्ष शहरात जाणार नाही, असे तो म्हणतो. फलकही रंगवून आणला आहे: गुरुपादप्पा निवासी संकुल. नकाशात समाधी सायकल स्टँडमध्ये येते.

"आई, बाबांना कोन हलवायलंय?" तो म्हणाला. "कठडा करू. आन् सगळीकडं काँक्रीट झालं की घूस येतच न्हाई बघ."

"मग मी कुठं बसू?"

"म्हंजे?"

"मला बाबांशेजारी बसायचं आहे. तिथं तू सायकली लावतोयस."

त्याने नकाशा पुन्हा पाहिला. वाईट वाटले त्याला. तो मुळात वाईट नाही. मग म्हणाला, "स्टँड थोडं लहान करता येईल." माझ्या मुलाने माझ्यासाठी सायकली कमी केल्या, हे मी विसरणार नाही. पण तेवढ्यावर मी बसू शकत नाही.

कलम ७. सबब, सदर दीड एकर जमीन आणि पाचही पिंजरे मी माझे दीर महादेवप्पा यांना त्यांच्या हयातीपर्यंत देत आहे. त्यांनी बिळे बुजवावीत आणि औषध घालू नये. त्यांच्या पश्चात जमीन वीरभद्रकडे यावी. तोवर तिथे आम्ही दोघे असू, आणि महादेवप्पांची इच्छा असल्यास तिघे. एका समाधीभोवती स्टँड बांधता येते. तिघांभोवती करताना त्याच्या हाताला लाज वाटेल, एवढे मी त्याला घडवले आहे.

कलम ८. मला पतीच्या डाव्या बाजूला बसवावे. माझे खिसे आधी तपासावेत.

कलम ९. हे लिहीत असताना महादेवप्पा साक्षीदार म्हणून सही करायला आले. पेन स्वतःचा आणला होता. मी सांगितले की तुम्हाला सही करता येणार नाही, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते.

"मला काय मिळतंय?"

मी कलम ७ वाचून दाखवले. ते ओसरीवर बसले. निजामोद्दीनभाई आणि निवृत्त मुख्याध्यापिका सुमनबाई साक्षीसाठी आधीच येऊन तिथे चहा घेत होते.

"वहिनी," महादेवप्पा म्हणाले, "बांधाच्या हिकडलं बी माझं आन् तिकडलं बी माझं. मग घूस सापडली तर मी सोडू कुठं?"

"ते तुम्ही बघा, भाऊजी. मी नसणार."

निजामोद्दीनभाई हसले. महादेवप्पा हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावले, पेन खिशात ठेवला, आणि पिंजऱ्यांकडे बघत म्हणाले, "मग तुमी आनखी थोडं दिस थांबा."

यापूर्वी केलेले कोणतेही लिखाण रद्द समजावे. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात यावे. त्याची घाई कोणालाही नाही.

लिहून देणार: गुरम्मा गुरुपादप्पा हुडगे (सही)

आमच्या समोर, शुद्धीवर असताना आणि चहा निवण्यापूर्वी सही केली:
१. निजामोद्दीन शेख, पत्राकाम, चाकूर (सही)
२. सुमनबाई बिरादार, निवृत्त मुख्याध्यापिका, चाकूर (सही)

ठिकाण: हिंगणवाडी, ता. चाकूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१३