मापासाठी माणूस

नोव्हाय, अमेरिका, १२ ऑक्टोबर २००५

ती. आई,
इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, बाबांनी माझा फोटो बघून "ह्या बाई कोण?" असं विचारलं, पण माझ्यामागच्या चर्चकडे बघून "कमान चोख बांधलीय" म्हणाले. म्हणून रविवारी तुझ्या जावयाला, सिद्धेशला, गाडी काढायला लावली आणि जवळच्या खेड्यातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढून आणले. दगडी गिरणी, लाकडी स्टेशन, टाउन हॉल. जन्मभर बांधकाम खात्यात राबलेल्या माणसाला मी इथून दुसरं काय पाठवणार? व्हिसाचे कागद अडकलेत. आत्ता तिकडे आले तर इथे परत येता येईल का, विचारलं तर वकील नुसता 'वेट करा' म्हणतो.

साइटचे फोटो काढताना बाबा ओरडायचे, आठवतं? "शेजारी माणूस उभा करा, नाहीतर उंची कळत नाही!" म्हणून प्रत्येक फोटोत दाराशी मी उभी आहे.

मी कोण, ते त्यांना सांगत बसू नकोस. गिरणी किती उंच असेल, एवढंच विचार. उंची काढायला तरी ते माझ्याकडे नीट बघतील.

तुझी,
आश्लेषा