मावशी वेळेवर येते

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कामाच्या नोंदी कंपनीत होतात, विचारांच्या कुठेच होत नाहीत. पुढे कोणी विचारलं, हे सगळं सुचलं कसं, तर उत्तर तयार असावं.

पद: नैतिकता व सुरक्षा सल्लागार. डायव्हिंग कंपनीत असं पद मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मालक म्हणाले, मॅडम, पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, शार्क आम्हाला काही करणार नाही ना? आता विचारतं, आमच्यामुळे शार्कला त्रास होणार नाही ना? तुम्ही फक्त सांगायचं, होत नाही म्हणून. मी म्हटलं, तपासून सांगेन. ते म्हणाले, तपासा की. पण सांगा.

माझं टेबल सिलिंडर भरायच्या खोलीत आहे. कंप्रेसर सुरू असला की दुसरं काही ऐकू येत नाही. एकाग्रतेला उत्तम.

६ फेब्रुवारी

पहिली फेरी. बोट खडकापाशी नांगरली. गिऱ्हाइकं पाण्यात तळाशी ओळीने गुडघ्यांवर बसली. मग बुडबुड्याने मागच्या शिडीवरून माशांच्या डोक्यांची बादली पालथी केली. बुडबुड्या म्हणजे आमचा इन्स्ट्रक्टर. पाण्याखालीही बोलायचा थांबत नाही म्हणून हे नाव.

सहा-सात शार्क आल्या. नुसती झुंबड. एक गिऱ्हाईक श्वास घ्यायच्या रेग्युलेटरमध्येच ओकलं आणि वर आल्यावर म्हणालं, पैसे वसूल.

किळस आली. मनात पक्कं ठरवलं: हा प्रकार बंद करायचा. वर्षाच्या आत. शक्यतो नोकरीत कायम झाल्यावर.

सगळ्यांत मोठी एक मादी आहे. पाठीवरच्या पंखाला खाच. बोटीवरचे लोक तिला मावशी म्हणतात, कारण बादली दिसली की न बोलावता हजर. मी तिची नोंद ‘मादी-१’ अशी केली. जनावरांना नाती चिकटवणं अशास्त्रीय आहे.

९ फेब्रुवारी

धाकटी बहीण गॅलरीत एका भटक्या मांजरीला खाऊ घालते. तिला समजावलं की आयतं देऊन तू त्या प्राण्याचं नैसर्गिक वागणं बिघडवते आहेस. ती म्हणाली, आणि तुमची बादली? मी म्हटलं, ती नियंत्रित परिस्थितीत असते. ती म्हणाली, ताई, माझीही वाटी नियंत्रित असते, रोज घासून ठेवते. तुझी मांजर जरा मोठी आहे, एवढंच.

धाकटी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांना संशोधनपद्धती जुजबीच शिकवतात.

२० फेब्रुवारी

मत्स्य विभागाचे साहेब नवा नियम घेऊन आले. गिऱ्हाईक पाण्यात असताना आमिष टाकायचं नाही. मालकांचा चेहरा उतरला. बुडबुड्या म्हणाला, मग काय शार्कला आमंत्रणपत्रिका पाठवायची?

पत्रिकेचा मुद्दा चुकीचा नव्हता.

२२ फेब्रुवारी

योजना मांडली. पहिला टप्पा: पाण्यात गिऱ्हाईक नसताना पाना घेऊन स्टीलच्या शिडीवर तीन ठोके द्यायचे, मग बादली. ठोका म्हणजे जेवण, हे डोक्यात बसेपर्यंत. दुसरा टप्पा: गिऱ्हाईक पाण्यात, फक्त ठोके, बादली नाही. शार्क येईल, बघेल, जाईल. आमिष शून्य. नियमाचं अक्षर पाळलं आणि आत्माही.

तीनच ठोके का, असं बुडबुड्याने विचारलं. एक ठोका चुकून पडतो, दोन योगायोगाने. तीन कोणी उगाच देत नाही.

मालक म्हणाले, मॅडम, तुम्हाला पार्टनरच करून घ्यायला हवं. हा शब्द त्यांनी आपणहून वापरला.

१८ मार्च

बसलं डोक्यात. मादी-१ सगळ्यांत हुशार. ठोके दिल्यावर तीन मिनिटांच्या आत शिडीखाली येते, कुशीवर वळते आणि जबडा उघडून थांबते. बुडबुड्या म्हणतो, मावशी पानावर बसली, वाढा.

बाकीच्या लांबून नुसत्या घिरट्या घालतात. त्यांना काही कळत नसावं.

२ एप्रिल

दुसरा टप्पा सुरू. कार्यालयावर पाटी लागली: ‘आमिषाविना भेट’. शब्द माझे. गिऱ्हाइकं खूश, साहेब खूश. मला परिषदेत निबंध वाचायला हरकत नाही. मथळा तोच ठेवीन.

एका बाईंनी विचारलं, खायला देत नाही तर ती येते कशाला? बुडबुड्या म्हणाला, प्रेमानं, मॅडम. मी दुरुस्ती करणार होते, पण तोवर बाईंनी रेग्युलेटर तोंडात धरला होता.

पार्टनरशिपचा विषय काढला. मालक म्हणाले, हा सीझन जाऊ दे, निवांत बसू.

१४ एप्रिल

मादी-१ थोडी सुस्तावली होती. ठोके देऊनही एकदा आलीच नाही. मालक घाबरले. त्यांना सिद्धांत सांगितला: रोज दिलं तर जनावर निवांत होतं. कधीच दिलं नाही तर नाद सोडतं. पण मधूनच, नेम नसताना दिलं, तर जन्मभर येत राहतं. म्हणून बादली आता अधूनमधून, माझ्या मर्जीने.

मालक म्हणाले, हे मला माहीत होतं मॅडम. फक्त शार्कलाही लागू पडतं हे माहीत नव्हतं.

यंदा पगारवाढ नाही. पण संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन करून माझ्या सर्दीची चौकशी केली. माणूस वाईट नाही.

३० एप्रिल

मालकांच्या फोनला मी वेगळी रिंगटोन लावली आहे, म्हणजे कामाचा फोन लगेच कळतो. धाकटी म्हणते, ती वाजली की तू ताट सोडून उठतेस. घास तोंडात असला तरी. मी म्हटलं, याला जबाबदारी म्हणतात. ती मांजरीला म्हणाली, ऐकलंस का गं, तू जबाबदार आहेस.

मादी-१ ने आज एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा दातात धरून सोडून दिला. जिज्ञासा. चित्रफीत फार सुंदर आली.

९ मे

बुडबुड्या सांगत होता की मावशी धक्क्याजवळ दिसली. जिथे बोटींचा गंज हातोडीने काढतात, तिथे. म्हणाला, सायंटिस्ट, दिवसभर ठोकाठोक चालते ना तिथे, बाई हिशेबच लावत असेल, जेवण नक्की कुठल्या बोटीवर आहे. मी सांगितलं की हातोडीच्या आवाजाची कंप्रता वेगळी असते. मोजलेली नाही. यंत्र चार्जिंगला होतं.

निबंधात एक परिच्छेद वाढवला: वावराच्या क्षेत्रात नैसर्गिक वाढ.

धाकटी धक्क्याच्या पलीकडे रोज सकाळी पोहायला जाते, पोहणाऱ्यांच्या क्लबात. तिला सांगावं का, यावर नीट विचार केला. पुरेशा पुराव्याशिवाय भीती पसरवणं अनैतिक आहे. सांगितलं नाही.

१७ मे

पोहणाऱ्यांचे कोच सगळ्यांना पाण्याबाहेर बोलावण्यासाठी धक्क्याच्या लोखंडी शिडीवर पाइप आपटतात. तीनदा. सगळं जग तीनदाच ठोकतं, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

ते शिडीवर पाय पाण्यात सोडून बसले होते. टाचेचा मोठा तुकडा गेला. याला हल्ला म्हणणं चूक आहे. ही तिची जेवणाची अपेक्षा होती.

तेव्हा पाण्यात धाकटी एकटीच उरली होती, शिडीकडे पोहत येत होती. मादी-१ तिच्या पोटाखालून गेली. धाकटी म्हणाली, आधी वाटलं ढगाची सावली आली. तिनेच कोचना वर ओढलं, टॉवेल आवळून बांधला. घरी आली तेव्हा डोक्यावर पोहायची टोपी तशीच होती.

तिने विचारलं, ती इकडे येते हे तुला माहीत होतं? मी म्हटलं, माहीत असणं म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवावं लागेल. तिने मांजरीची वाटी उचलली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

चर्चा अर्धवट राहिली. दोष माझा नाही.

२० मे

आदेश आला. मादी-१ ला मारायचं. साहेब म्हणाले, आम्हाला कुठे एकेकीची ओळख, आठवडाभर गळ लावणार, जी अडकेल ती. मी गणित मांडलं. गळांना सगळ्याच अडकतील. मी बोलावलं तर एकच येईल, तीच येईल. एकीच्या बदल्यात बाकीच्या सगळ्या वाचतात. नैतिकदृष्ट्या चित्र स्वच्छ आहे. मी स्वतःहून तयारी दाखवली. मला कोणी विचारलं नव्हतं.

मालक म्हणाले, मॅडम, चालता धंदा बुडवताय. मग म्हणाले, करा, पण बोटीचं नाव झाकून घ्या.

धाकटीने तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, तिला लांब पळवून लावायला काही ठोकता येत नाही का? मी खरं ते सांगितलं. तसं प्रशिक्षण दिलेलं नाही.

२२ मे

पाणी स्वच्छ. बोटीच्या नावावर ताडपत्री. साहेबांनी बंदुकीचा माणूस आणला होता. त्याने विचारलं, किती वेळ थांबावं लागेल? मी सांगितलं, तीन मिनिटं. तो हसला.

तीन ठोके. ती आली. त्या माणसाची बंदूक अजून पिशवीतच होती.

शिडीखाली कुशीवर वळली, जबडा उघडला आणि थांबली.

पहिली गोळी नीट लागली नाही. ती खोल गेली. पाणी लाल झालं. साहेब म्हणाले, गेली वाटतं हातची. मग ती परत आली. शिडीखाली आली आणि पुन्हा कुशीवर वळली. बुडबुड्या ओरडला, जा की गं मावशे, जा की! आणि पाठ करून उभा राहिला. दुसरीही नीट लागली नाही. ती तिसऱ्यांदा आली.

प्रशिक्षण पक्कं होतं.

धक्क्यावर पोट फाडलं. रिकामं. बादली नेम नसताना द्यायची, हे माझंच तत्त्व. या खेपेला मधलं अंतर जरा लांबलं होतं.

कंपनीच्या नोंदीत चुकून लिहिलं, ‘मावशी मृत’. खोडून ‘मादी-१’ केलं. पाना घरी आल्यावरही माझ्या हातात होता.

२९ मे

परिषदेचं उत्तर आलं. निबंध नाकारला. त्यांच्या मते नमुना एकच आहे, आणि तो आता हयात नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे.

धाकटी रोज संध्याकाळी कोचकडे जाते. त्यांना उभं राहायला शिकवते. माझ्याशी जे बोलायचं ते मांजरीमार्फत. काल मांजरीला म्हणाली, हिला सांग, डाळ संपली आहे. मांजरीने सांगितलं नाही, पण मी आणली.

निर्णय झाला. राजीनामा. चारच ओळी, त्यात एकही विशेषण नाही. सोमवारी मालकांच्या हातात. पार्टनरशिपचं आमिष मला बांधून ठेवू शकत नाही, हे एकदा स्पष्ट झालेलं बरं.

२ जून

सोमवार. मालक बाहेरगावी. राजीनामा पर्समध्ये.

५ जून

मालक आले. पण घाईत होते. अशा गोष्टी घाईत देऊ नयेत.

८ जून

रविवार. दुपारी जेवायला बसलो होतो. धाकटी समोर, मांजर खुर्चीखाली. खूप दिवसांनी धाकटी थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, ताई, कोच आज सहा पावलं चालले. मी काहीतरी बरं बोलणार होते.

तेवढ्यात रिंगटोन वाजली.

मालक म्हणाले, मॅडम, चमत्कार! बुडबुड्या बोटीच्या शिडीचा नट सैल झाला म्हणून ठोकून बसवत होता. खाली बघतो तर चौघी! ओळीने, कुशीवर, जबडे उघडून. मावशीचं बघून बघून शिकल्या सगळ्या. बुडबुड्याने नावही ठेवलं, भाच्या. अहो, एक गेली अन् चार आल्या! ताबडतोब या, पार्टनर.

म्हणजे बाकीच्यांना सगळं कळत होतं. म्हणजे २० मेच्या गणितात दुरुस्ती करावी लागेल. नंतर करीन.

मी धाकटीला सांगितलं, फक्त राजीनामा द्यायला जाते आहे. ती माझ्या पायांकडे बघत होती. चपला घातलेल्या होत्या. कधी घातल्या ते लक्षात नाही. ताटात भात तसाच होता.

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, मावशीपेक्षा लवकर.

पर्स घरीच राहिली, हे बोटीवर पोचल्यावर कळलं. असो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.