जयाबाईची पुडी

२ फेब्रुवारी, सोमवार
निपाणी! बेळगाव सोडून आले म्हणून आई रडली, मला मात्र लई बरं वाटतंय. स्किन क्लिनिकात एसी, पांढरा कोट, राहायला वरचीच खोली. डॉक्टर मॅडम सांगतात, चेहऱ्यांवर पील, म्हणजे वरची साल काढणारं औषध, मी लावते. गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. बोटभर पावडर थापून येतात आणि विचारतात, गोरी होईन का? होशील की, पुढच्या जन्मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कोगनोळीची जयाबाई आली. गेल्या आठवड्यात तिच्या गालांवरच्या वांगावर पील केलं होतं. वय साठ, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं हिरवं गोंदण, आणि हिला गाल उजळायचेत! सुटलेली साल मी कात्रीनं काढली. तर म्हणते, पोरी, माझं कातडं मला पुडीत बांधून दे, अंगाचं सुटलेलं परक्या दारात टाकू न्हाय. केस, नखंसुद्धा ही बाई परसात पुरते म्हणे. मी पुडीत कापूस बांधून दिला. कातडं कचऱ्यात. अडाणी ती अडाणीच!

१४ फेब्रुवारी
पुढच्या रविवारी, बावीसला, घरी मला बघायला येणार. बेळगावातच, उद्यमबागेत स्वतःचा कारखाना असलेलं स्थळ. दोन नकार झालेत, तिसरा आला तर आई अंथरूण धरेल. मॅडम गावाला गेल्यात. मीच माझ्या तोंडाला पील लावून घेतलं, जरा कडक. मला कोण शिकवणार?

१८ फेब्रुवारी
साल सुटतेय. लोकांवर ओरडते, ओढू नका म्हणून. मीच ओढली. सालीखालचा गाल सुरकुतलेला. सूज असेल. जयाबाईचा फोन: पुडीत कापूस निघाला, माझं दे, न्हाय तर तुझं घेती. घे म्हटलं, आणि फोन ठेवला. मूर्ख बाई.

२० फेब्रुवारी
माझी ओढलेली साल बशीत ठेवली होती. गेली. बशीत मी जयाबाईला दिलेली कापसाची पुडी.
माझ्या हनुवटीवर हिरवा ठिपका. घासला. दोन झाले. कचरा तर कधीच उचलून नेला, कुठून आणू तिचं—

२१
तोंडाला ओढणी बांधून बेळगावला आले. आईला सांगितलं, ॲलर्जी. तीन ठिपके.

२२, रविवार
पाहुणे आलेत. दाराला आतून कडी. आई हाक मारतेय, ऋतिका, चहा आण गं. आरशात जयाबाई. काय तोंड दाखवू—
बाहेर कपबशा वाजल्या. आले गं आई, असं कोण म्हणालं? माझा आवाज.
फटीतनं बघितलं. माझी साडी. माझा चेहरा, उजळ. पाहुणे खूश. आई हसतेय, किती दिवसांनी—
ती आईला विचारतेय, आतल्या खोलीत कोण म्हातारी बसलीय.
आई कडी वाजवतेय. आई, मी आहे गं, मी— माझ्या तोंडातनं आवाज येतोय तो जयाबाईचा—