वाळूजला थांबलेली गाडी

मी, कारभारी सांडू म्हस्के, सरकारी तंत्रनिकेतनातला निवृत्त शिपाई, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद). वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे शहात्तर, आईच्या सांगण्याप्रमाणे चौऱ्याहत्तर. निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या पेरणीला मी झालो, असे ती सांगायची. मास्तरांनी दोन वर्षे वाढवून लिहिली, म्हणून सरकारने मला दोन वर्षे आधी घरी बसवले. असो. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सबंध आठवडा म्हणून दाखवला.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, हकीकत नाही. माझ्याकडे मालमत्ता थोडी आणि हकीकत जास्त आहे. जास्तीच्या पानांचे टायपिंग मी वेगळे देईन असे सांगितल्यावर ते कागद घेऊन बसले.

कलम १. मला वारस एकच. मुलगा बद्रीनाथ, वय त्रेचाळीस, मेकॅनिकल इंजिनिअर, बंगळूरला मोठ्या कंपनीत आहे. पत्नी सरूबाई हिला जाऊन येत्या मे महिन्यात एकवीस वर्षे होतील.

कलम २. पडेगावचे दोन खोल्यांचे घर बद्रीनाथला. पत्रे मागच्या साली बदलले आहेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तेव्हा हौद झाकून ठेवावा. घरात दोन खुर्च्या आहेत. एकीची वेताची वीण खचली आहे, दुसरी नवीच राहिली आहे, कारण तिच्यावर कोणी बसत नाही. विकायचे असेल तर विकावे, माझी हरकत नाही.

कलम ३. दौलताबादला किल्ल्याखाली माझी एक एकर जमीन होती. बद्रीला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यातले तीस गुंठे चुलतभाऊ आप्पासाहेब याला दिले. गरज माझी होती, भाव त्याने ठरवला. आज तिथे त्याचे हॉटेल आहे आणि पाटीवर ‘अस्सल घरगुती जेवण’ लिहिले आहे. त्याने माझ्या तेराव्याला येऊ नये असे मी आधी लिहिले होते. ते खोडले. येऊ द्यावे, पण जेवण त्याच्या हॉटेलातून मागवू नये.

उरलेले दहा गुंठे आणि त्यावरची अकरा सीताफळीची झाडे बद्रीनाथला. पुढच्या तीन वर्षांची फी, वसतिगृह आणि मेस ही या झाडांनी आणि सरूबाईने भरली. माझा पगार घरातच संपायचा. दिवाळीच्या आगेमागे सीताफळे, थंडीत पेरू, उन्हाळ्यात काकडी, अशी टोपली घेऊन ती सकाळी आठला किल्ल्याच्या दारात बसायची. परदेशी पाहुण्यांना बोटांवर भाव सांगायची आणि कोणी जास्त दिले तर मागे धावत जाऊन परत करायची. त्यावरून आमचे भांडण व्हायचे. ती टोपली अजून खुंटीला आहे. तिचे काय करायचे ते बद्रीने ठरवावे.

कलम ४. शेजारचा रिक्षावाला हबीब, त्याची मुलगी गौहर. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज संध्याकाळी माझे बीपी बघते, आणि गोळी चुकली असली की मशीनच्या आधी तिला कळते. कित्येक दिवस असे जातात की तिच्याशिवाय मी कोणाशी बोललेलो नसतो. पोस्टातल्या ठेवीतून तिची राहिलेली फी आणि परीक्षेची फी थेट कॉलेजात भरावी. हबीबच्या हातात देऊ नये. माणूस सोन्यासारखा आहे, पण औरंगपुऱ्यात रिक्षाची नवी सीट कव्हरे दिसली की त्याला राहवत नाही. त्याला साक्षीदार करणार होतो, पण त्याच्या मुलीला देताय तर तो नको, असे वकीलसाहेब म्हणाले. याचा त्याला राग आला आहे. तो माझ्या वतीने कोणीतरी काढावा.

याला एक अट आहे. गौहरची परीक्षा जूनमध्ये आहे. मी त्या दिवसांत गेलो तर तिला त्याच दिवशी सांगावे, मग पेपर असो की प्रॅक्टिकल. हबीब म्हणतो, पेपर झाल्यावर सांगू, पोरीचे वर्ष जाईल. तसे करू नये. तिला सांगावे, आणि पेपरला बसायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे. ही अट का, ते पुढच्या दोन कलमांत आहे.

कलम ५. सरकारी तंत्रनिकेतनात मी चौतीस वर्षे परीक्षेची घंटा दिली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो वाजवायचा एक लोखंडी ठोका. विजेची घंटा आल्यावर ठोका मी घरी आणला. तो कपाटावर आहे. भंगारवाल्याला द्यावा, त्यात जपण्यासारखे काही नाही.

घंटेनंतर अर्ध्या तासाने दार लावायचे, हे काम माझे. एकदा शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी दार लावल्यावर आला. डोके नुकतेच भादरलेले. वडिलांना अग्नी देऊन कन्नडहून आला होता. नियमाप्रमाणे मी दार उघडले नाही. तो पेपर सुटेपर्यंत पायरीवर बसून होता. पुढच्या वर्षी त्याने फॉर्म भरला नाही, पुन्हा कधी दिसला नाही. बद्री कॉलेजात गेल्यापासून ते डोके माझ्या नजरेसमोरून हलत नव्हते.

कलम ६. बद्री, आता हे फक्त तुझ्यासाठी.

दोन हजार तीनचा मे. तुझा शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर झाला, त्याच दिवशी तुझ्या आईला किल्ल्यापाशी ऊन लागले. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कसर ठेवली नाही. तीन दिवस ती होती, चौथ्या दिवशी गेली. मी तुला कळवले नाही. वसतिगृहात फोन केला तेव्हा तू आई कुठे विचारलेस, मी म्हणालो टोपली घेऊन गेली आहे. अग्नी मी दिला. दहावा मी केला. तू शेवटचा पेपर देऊन तेराव्याच्या आदल्या दिवशी आलास आणि फाटकातूनच तिला हाक मारलीस.

तेव्हा मी तुला सांगितले की तिचीच तशी इच्छा होती, पोराला सांगू नका, पेपर होऊ द्या, असे ती म्हणाली. तू खुंटीवरच्या टोपलीकडे बघत होतास. म्हणालास, “म्हंजी शेवटाला तिला मी नको होतो.” एवढेच. मी ऐकून घेतले. मग तुझा पहिला वर्ग आला, नोकरी लागली, लोकांनी माझ्याकडे पेढे मागितले आणि मी वाटले. तू तिचा फोटो बंगळूरला नेला नाहीस.

ती तसे म्हणाली नव्हती. मी खोटे बोललो. तुझ्या नजरेत वाईट व्हायचे नव्हते, म्हणून ते गेलेल्या बाईच्या अंगावर ढकलले. मला त्याची लाज वाटते.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, “बद्रीला बोलवा.” मी म्हणालो, निघाला आहे, गाडीत बसला आहे. तुझ्या ॲडमिशनला ती एकदाच पुण्याला आली होती, पण एसटीचे थांबे तिला पाठ होते. डोळे मिटून म्हणत होती, शिरूर आलं असंल. आता नगर. नगरला गाडी लई येळ थांबती. मी व्हय म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, गाडी बंद पडली, दुसऱ्या गाडीत बसला आहे. तिने पुन्हा पुण्यापासून सुरुवात केली. शेवटच्या दिवशी नेवासा फाटा झाला, वाळूज आले. मला विचारले, वाळूजपासून किती येळ लागतो. मी म्हणालो, अर्धा तास.

“मंग मला जरा उठून बसवा,” म्हणाली.

मी बसवले. ती दाराकडे तोंड करून बसल्या बसल्या गेली.

तू दर रविवारी फोन करतोस. मी गोळी घेतली म्हणतो, तू बरं म्हणतोस, आणि फोन संपतो. तू बंगळूरला ये म्हणालास, मी गुडघा पुढे केला. तू इथे आलास की दोन दिवसांत तुला परत धाडले. तू आणखी राहिला असतास तर मला सांगावे लागले असते. घर रिकामे झाले ते तुझ्या शिकण्याने नाही, तिचीच तशी इच्छा होती, या माझ्या एका वाक्याने.

कलम ७. इथपर्यंत लिहून मी सही करणार होतो. गौहरला तिचे कलम वाचून दाखवले, आणि तिने अट का म्हणून हट्ट धरला तेव्हा सहावेही वाचले. तिने बीपीचे मशीन आवरले. मग म्हणाली, “चाचा, मेरे को उसी दिन बताने का, और बद्री भैया को तुम मरने के बाद?”

तिचे बरोबर आहे. सबब, या मृत्युपत्राची एक प्रत आजच बद्रीनाथला पाठवावी. वकीलसाहेबांच्या मते अशी पद्धत नाही. नसू दे.

बद्री, वाचून तुला यायचे नसेल तर येऊ नको. वरची सगळी कलमे तरीही तशीच राहतील, घर आणि झाडे तुझीच आहेत. यायचे असेल तर पुण्यापर्यंत कसाही ये, पण पुण्याहून एसटीने ये. शिरूर, नगर, नेवासा फाटा. वाळूज आले की फोन कर.

मी उठून बसतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, टाइप झाल्यावर दोनदा वाचला, आणि खालील दोघांसमोर सही केली.

(सही) कारभारी सांडू म्हस्के

साक्षीदार :
१. (सही) नानासाहेब रंगनाथ वाघचौरे, निवृत्त लिपिक, पडेगाव
२. (सही) तात्यासाहेब भिकन दांडगे, किराणा दुकानदार, पडेगाव

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १८ मार्च २०२४