वाढत्या अंगाचं दुखणं

३ जून
आज सकाळी सहालाच कुलूप काढलं, उंबरा धुतला, देवाला हात जोडले आणि मगच बायको-लेकीला आत घेतलं. पाणीपुरवठा खात्यात स्टोअरकीपरची नोकरी, सोबत दोन खोल्यांचं क्वार्टर. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आणखी काय हवं? चिमणी नऊ वर्षांची, उशिरा झालेली. तिला दाराच्या चौकटीला उभं करून डोक्याशी पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली. नवा फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतलाय. वर्षभरात बरोबर बसेल.

२१ जून
चिमणीचे गुडघे दुखतात. सकाळी उठली की चार पावलं भिंत धरून टाकते. ऑफिसात सांगितलं तर हेडक्लार्क हसले. म्हणाले, अहो, पोरांचे गुडघे न् बायकांची कंबर दुखायचीच! वाढतं अंग आहे, तेल चोळा. चोळलं. जपही वाढवला.

९ जुलै
आता घोटे, मनगटंसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी पडल्याने दुखतं, कधी घशाच्या दुखण्यामागून ताप सांध्यांत उतरतो, मुलांनाही संधिवात होतो, क्वचित रक्ताचा आजार असतो. इतके दिवस नुसतं तेल काय चोळत बसलात? सगळं तपासलं. काही निघालं नाही. मी देवाचे आभार मानले. बायको म्हणाली, देवापुढे तासभर बसता, पोरीपुढे घटकाभर बसा. बसलो. चिमणी म्हणाली, बाबा, आतून कुणीतरी चोखतंय.

२ ऑगस्ट
फ्रॉक घातला तर जूनपेक्षाही खाली लोंबला. चौकटीशी उभी केली. माझी रेघ तिच्या डोक्याच्या दोन बोटं वर. चौकटीचा रंग नखाने खरवडला. खाली जुन्या रेघा, तीन निरनिराळ्या अक्षरांतल्या तारखा. जुन्या तारखा वर, नव्या खाली. शेवटची माझ्या गुडघ्यापाशी —

४ ऑगस्ट
हेडक्लार्कांना जाब विचारला. मान वर न करता म्हणाले, ते घर रिकामं ठेवलं की भिंतींना तडे जातात. मुलाबाळांचं असलं की टिकतं. म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून तेल चोळा म्हणाला. आणि मी चोळत बसलो.

१० ऑगस्ट
पाच दिवसांपूर्वी दोघींना मामाकडे पोचवलं. काल चिमणी धावली म्हणे. राजीनामा दिला. इथे भिंतीला तडा. हात जाईल एवढा.

१२ ऑगस्ट
माझे गुडघे. तडा निम्मा बुजलाय.

१४ ऑगस्ट
माझ्या जागी येणारा नवा माणूस घर बघून गेला. जुळी मुलं, चार वर्षांची. ओट्यावर उड्या मारत होती —

बायकोचा निरोप: निघा आता, पोर वाट बघतेय.

ऑफिसात गेलो. भिंत धरत. राजीनाम्यावर साहेबांची सही व्हायची होती. मागून घेतला. हेडक्लार्कांसमोर फाडला. क्वार्टर सोडत नाही म्हणालो. या वेळी त्यांनी मान वर केली.

बोटं वळत नाहीत. निवृत्तीला दहा वर्षं. तेवढी मी या घराला पुर —