पुढचा धागा किती पौंडाचा

बाबा, आज पुन्हा त्या दुकानात गेले होते. हायवेवरून उतरल्यावर पेट्रोल पंपाच्या मागचं ते दुकान, जिथं शिरताना तुम्ही नाक मुरडायचात, कारण आमिषाचे मासे ठेवलेला फ्रीज नेमका दाराशी होता. सगळं तसंच आहे. एका बाजूला रॉड उभे, दुसरीकडे गुलाबी-हिरवे चमकते गळ, आणि मधल्या भिंतीवर लीडरच्या चकत्या टांगलेल्या, सहा पौंडांचा ताण सोसणाऱ्या धाग्यापासून चाळीस पौंडापर्यंत. गुलाबी सॅमन इथं वर्षाआड येतो. तुम्ही आला होतात ते दोन हजार पाच, त्यानंतर आत्ता हे सात. दुकानदारानं मला ओळखलं. "हाउ इज युवर डॅड?" म्हणाला. मी "फाइन" म्हटलं. मागं गिऱ्हाईकं उभी होती, आणि तुम्ही गेल्याला सव्वा वर्ष झालं हे मला तिथं काउंटरवर उभं राहून इंग्रजीत सांगायचं नव्हतं.

त्यानं त्या वेळी आपल्याला किती प्रेमानं समजावलं होतं, आठवतं? रिळावरची मुख्य दोरी मजबूत असते. तिच्या टोकाला वावभर पारदर्शक धागा बांधायचा, तो लीडर, आणि त्याला गळ. पारदर्शक अशासाठी, की माशाला तो दिसत नाही. आणि तो मुख्य दोरीपेक्षा कमजोर ठेवायचा, म्हणजे गळ खडकात अडकला किंवा न झेपणारा मासा लागला तर तेवढाच तुकडा तुटतो, बाकीची दोरी आपल्या हातात राहते. गुलाबीला आठ पौंड पुष्कळ, त्याहून मोठ्या सिल्व्हर सॅमनला बारा, सगळ्यात मोठ्या किंग सॅमनच्या मागं लागायचं असेल तर पंचवीस. पाणी नितळ असेल तर बारीक घ्यायचा, गढूळ असेल तर जाड चालतो. मी तुम्हाला मराठीत सांगत होते, तुम्ही मान डोलावत होतात, आणि सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही शांतपणे हात वर करून तीस पौंडाची चकती काढलीत. दुकानदार हसला. मला म्हणालात, "उलटं सांगून राहिला तो. समोर मांजा, मागं साधा दोरा. साधं आहे."

ही चूक अख्ख्या अमेरिकेत फक्त नागपूरचा माणूस करू शकतो. पतंगाजवळचा दोर काचेचा, पक्का, कारण कापाकापी तिथं होते. मागं हाताशी कुठलाही स्वस्त दोरा चालतो. संक्रांतीला आपल्या गच्चीवर तुम्ही हेच केलंत जन्मभर. आणि मागं आई, हातात चक्री घेऊन. तिला पतंग आवडायचा नाही, उन्हानं डोकं दुखायचं तिचं, पण चक्री ती दुसऱ्या कुणाला देत नसे. तुम्ही मागं न बघता "ढील" म्हणायचात आणि तुमचा शब्द पुरा व्हायच्या आत दोरा सुटलेला असायचा. मी किती वेळा मागितली चक्री. आई म्हणायची, "तुला नाही समजत त्यांचं." राग यायचा मला तिचा.

आई गेल्यावर मी तुम्हाला इकडं आणलं, कारण तिथं तुम्ही गच्चीवर नुसते बसून असता असं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं. इथं येऊन तुम्ही खिडकीशी बसलात. सिॲटलच्या उत्तरेला आमचं ते अपार्टमेंट, समोर पार्किंग लॉट, त्यात बघण्यासारखं काय होतं देव जाणे. तुमच्या जावयानं एका शनिवारी जबरदस्तीनं किनाऱ्यावर नेलं. पन्नासेक माणसं गोट्यांच्या काठावर ओळीनं उभी होती, पाण्यात दोऱ्या फेकत होती. तुम्ही कितीतरी वेळ पाहिलंत, आणि मग कित्येक महिन्यांनी तुमचा आवाज पहिल्यासारखा निघाला. "अरे, हे तर पतंग उडवून राहिले. पाण्यात." मला रडू आलं होतं, तुम्हाला दिसू नये म्हणून मी गाडीतून थर्मास आणायला गेले.

अंड्याला हात न लावणाऱ्या घरातला माणूस मासे धरणार, यावर आम्ही दोघं खूप हसलो. पण तुम्हाला मासा नकोच होता. इथल्या नियमानं सॅमनचा गळ बिनकाट्याचा लागतो, टोकाशी मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसलेला, म्हणजे दोरी जरा सैल पडली की मासा आपोआप निसटतो. तुम्हाला ते फार आवडलं होतं. लायसन्स काढलं, पाण्यात उतरायचे ते छातीपर्यंतच्या रबरी विजारीसारखे वेडर्स घेतले, त्यात तुम्ही अगदी सर्कशीतले दिसायचात. ऑफिसला जायच्या आधी मी तुम्हाला रोज सकाळी घेऊन जायची. ऑगस्टच्या शेवटी तिथं धुकं असतं, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. शेजारचा माणूसही सावलीसारखा दिसतो, फक्त त्याचं रीळ फिरल्याचा आवाज येतो.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी तुमच्या दोरीला काहीतरी लागलं. मी बाजूला उभी होते. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "ढील." मी म्हटलं, "बाबा, ढील तुमच्याच हातात आहे, रिळाचा ब्रेक फिरवा." तुम्ही म्हणालात, "तुला नाही म्हटलं."

रीळ सुटलं होतं. ब्रेक मी स्वतः घट्ट पिळला होता, गाडीजवळ, पक्कड घेऊन. तरी दोरी सरसर निघत होती, आणि तुम्ही बोटानं ती नुसती चाचपत होतात. दोनदा हलकेच, मग एकदा लांब. पतंग वर स्थिर झाला की तुम्ही असंच चाचपायचात. दोरी सैल पडून पाण्यावर तरंगायला लागली. मासा असता तर त्या क्षणी सुटला असता. पलीकडून दोनदा हलकेच ओढ आली, मग एकदा लांब. आपल्या डावीकडचा म्हातारा, तो रोज यायचा बघा लाल टोपी घालून, तो इतकंच म्हणाला, की इतकी स्लॅक, म्हणजे ढील, दिल्यावर टिकलेला मासा मी जन्मात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशीपासून तो आपल्यापासून लांब उभा राहायला लागला.

मग रोजच. रोज तुम्ही "ढील" म्हणायचात, रोज दोरी सुटायची, आणि रोज तुम्ही आदल्या दिवसापेक्षा थोडे पुढं असायचात. आधी घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या, मग मांड्या बुडल्या. तुम्हाला पोहता येत नव्हतं. वेडर्समध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा बुडतो, हे त्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ऑफिसात माझं लक्ष लागेना, मीटिंग कॅन्सल करून मी तुम्हाला घरी फोन करायची, तुम्ही उचललात की काही न बोलता ठेवायची. एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. धागा आठ पौंडाचा असेल तर तो तुटेल आणि तुम्ही काठावर राहाल. तीस पौंडाचा तुटणार नाही, आणि तुम्ही हात सोडणार नाही.

किचनमध्ये भांडलो आपण. मी पोळ्या लाटत होते, तुम्ही ओट्याशी बसून गळाला लीडर बांधत होतात. मी म्हटलं, "उद्यापासून आठचा लावायचा, नाहीतर मी गाडी काढणार नाही." तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुझ्या आईला कमजोर धाग्यावर ठेवू काय?" लाटणं माझ्या हातातच राहिलं. इतके दिवस जे आपण दोघांनी तोंडातून काढलं नव्हतं ते तुम्ही असं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं बोललात. मी ओरडले तुमच्यावर. आई गेली, म्हटलं, तुम्हीच अग्नी दिलात, गळाला मासा आहे बाबा, थंड पाण्यातला एक मूर्ख मासा. तुम्ही गाठ दातानं ओढून घट्ट केलीत. "मासा असता तर ढिलीवर सुटला असता," म्हणालात. मी अर्धी राहिलेली पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. का काढली, तर नाही म्हटलं असतं तर तुम्ही बस पकडून गेला असतात, आणि मग मी तिथं नसते. धुकं असं होतं की काठावरून तुमची टोपी तेवढी दिसत होती. ओढ लागली, तुम्ही "ढील" म्हणालात, आणि चालायला लागलात. कमरेच्या वर पाणी. मी हाका मारल्या. मग बूट-जीन्ससकट आत धावले, तुमच्या जॅकेटची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली. पाणी इतकं गार की श्वासच घेता येईना. दोरी धुक्यात सरळ ताणलेली, गुणगुणत होती. दोरी कापायला गळ्यात अडकवलेलं नेलकटर माझ्या छातीशी होतं, पण एक हात सोडला असता तर तुम्ही गेला असतात. माझे दात वाजत होते. तुम्ही वळलात आणि माझ्याकडं बघितलंत, आधी कोण आहे ते न कळल्यासारखं, मग ओळखून. "काहून आली तू पाण्यात? न्यूमोनिया होईल," म्हणालात. अगदी मी शाळेतून भिजून आल्यावर म्हणायचात तसं. मग अंगठ्यानं रिळावरची दोरी अडवणारी तार उघडलीत. सगळी दोरी गेली, बघता बघता रिळाचं पोट दिसायला लागलं, शेवटी टक्‌ असा आवाज झाला आणि रॉड हलका झाला. तुम्ही मला खांद्याला धरून काठावर आणलंत. मी तुम्हाला नाही.

त्यानंतर तुम्ही आठ पौंडाचाच लीडर लावलात. दुकानदार खूश. लोकांसारखे मासे लागले, लोकांसारखे सुटले, तुम्ही "ढील" हा शब्द उच्चारला नाहीत, आणि दिवाळीच्या आधी तिकीट काढून परत गेलात. मी राहा म्हटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुमची तब्येत बिघडली तेव्हा मी वेळेवर पोचले, चार दिवस उशाशी बसले. तुम्ही सगळं बोललात, पेन्शनचं, कुलरच्या पंपाचं. त्या पाण्याबद्दल काही नाही. मीही विचारलं नाही.

आज सकाळी मी आठ पौंडाचा घेतला. शहाणी मुलगी आहे मी तुमची. एकटीच होते, जावई तुमचे घरी झोपलेले. धुकं होतं, पण काठावर इतर माणसंही होती, रिळं वाजत होती. तिसऱ्या फेकीला लागलं. मी नेहमीसारखा रॉड उचलला, आणि मग, का ते विचारू नका, दोरी बोटाशी घेऊन चाचपली. पलीकडून ओढ आली, दोनदा हलकेच, मग एकदा लांब. मी दोरी पूर्ण सैल सोडली. ती पाण्यावर पसरली. सुटलं नाही. मग ताण आला, असा की आठ पौंड केव्हाच तुटायला हवा होता, बारासुद्धा तुटला असता. तुटेना. ब्रेक घट्ट होता आणि दोरी माझ्या हाताखालून निघत होती, अगदी जेवढी हवी तेवढी, आणि माझ्या मागं, अगदी जवळ, कुणीतरी उभं होतं. पाण्यात दुसऱ्या कुणाच्या पायांचा आवाज नव्हता. तरी होतं. मी मागं पाहिलं नाही. खाली पाहिलं तर पाणी माझ्या कमरेला लागलेलं, आणि मी कधी चालले ते मला माहीत नाही.

खरं सांगते, बरं वाटत होतं. पहिल्यांदा मला कुणी चक्रीजवळ घेतलं होतं. एवढ्यात काठावरून कुणीतरी "यू ओके?" असं ओरडलं, आणि मला आठवलं की उद्या सोमवार आहे, आणि संध्याकाळी दूध आणायचंय. इतकं फालतू काहीतरी. मी नेलकटर काढलं आणि दोरी कापली. तुटू दिली नाही, वाट बघितली नाही, कापली. रॉड सरळ झाला. मागचं जे काही होतं ते गेलं की नाही, ते बघायला मी थांबले नाही.

घरी आल्यावर जावयांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मोठा होता, तुटला." मग गरम पाण्यानं आंघोळ केली, कालचा वरणभात गरम केला, दोनदा वाढून घेतला. तुम्हीच होता का तिकडं, किंवा आई, का तुम्ही दोघं, मला कळत नाही. हे कुठं पाठवायचं तेही कळत नाही, म्हणून पाठवत नाही. पण कापताना मला नक्की वाटत होतं की तुम्हीच आहात, बाबा. आणि तरी माझा हात जरासुद्धा थांबला नाही.