वाफेवरचं मीठ

आई, काल माझ्या कॅन्टीनमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या एका बाईनं माझ्याकडे पाठ करून तळहातावर वरणाचा थेंब घेतला आणि पटकन चाटला. मी मागेच उभी होते. मला पाहून तिचा चेहराच उतरला. पदराला हात पुसत म्हणाली, "उष्टं नाही केलं जी ताई, आईशप्पथ." पन्नाशीची, नातवंडं खेळवणारी बाई, आणि चोरी पकडल्यासारखी उभी. मी म्हटलं, "भिऊन काहून राहिली वं? समोर उभी राहून चाख. न चाखता वरण-भाजीचा एकही गंज माह्या ओट्यावरून हलत नाही." ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, आणि तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

मिहानमधल्या एका कंपनीत मी रोज तीनशे माणसांचा स्वयंपाक करते, हे तुला माहीत नाही. माहीत असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. धंतोलीतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठव. पुढे दवाखाना, मागे आपण. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडून पेशंट घेऊन आलेल्या लोकांना आपले डबे जायचे. तू रांधताना कधी काही चाखलं नाहीस. "पहिले लोकायच्या तोंडात, मंग आपल्या," म्हणायचीस. झाकण काढायचं, वाफ नाकात घ्यायची आणि सांगायचं, मीठ कमी आहे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, ते मी नाकारत नाही. पण मी आठ वर्षांची असताना कढीत बोट बुडवून चाटलं, तर तू गंजभर कढी मोरीत ओतलीस. "आजाऱ्याच्या दारात उष्टं धाडू काय?" त्या दिवशी डब्यांतून कढीऐवजी नुसतं लोणचं गेलं, आणि घरातलं कुणी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललं नाही.

मग ते वरण. मी सतरा वर्षांची आहे, सकाळचे दहा वाजलेत. तू वरणात मीठ टाकतेस आणि दूधवाल्याशी बोलायला बाहेर जातेस. मला वाटतं, अजून टाकायचं राहिलंय. मी टाकते. ज्या घरात सगळा कारभार नाकावर चालायचा, तिथं हे एक ना एक दिवस होणारच होतं. तू घाईत परत येतेस, वाफही न घेता डबे भरतेस. दुपारी एक म्हातारेबुवा डबा घेऊन दारात. त्यांची बायको दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होती. "बाई, चार दिसानं आज तिनं घास घेतला होता. थुकून देल्ला तिनं." रागावलेसुद्धा नाहीत ते. तू हात जोडलेस, आणि मग माझ्याकडे बोट केलंस. "हिनं केलं. हिच्या हाताले चवच नाही."

तुझंही मीठ त्यात होतं, ते तू सांगितलं नाहीस. मी बोलायला गेले तर म्हणालीस, "तोंड चालवू नको." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याला फक्त भांडी. सासरी गेले तरी ते वाक्य माझ्याबरोबर आलं. अकरा वर्षं मी कणीक मळली, भाज्या चिरल्या, फोडणीला हात लावला नाही. विचारलं तर मीच हसून सांगायची, माझ्या हाताला चव नाही. मग एकदा घरात कुणीच नव्हतं म्हणून वरण केलं. पाच वेळा चाखलं. चांगलं झालं होतं, आई. ओट्यापाशी उभी राहून अर्धा गंज संपवला आणि रडले. दुःखानं नाही, रागानं रडले. अकरा वर्षं वाया गेली होती, ती काय तू भरून देणार होतीस?

म्हणून आता सांगते, तुझं चुकलं. रांधणाऱ्यानं चाखलेलं उष्टं होत नाही. भुकेल्या माणसाच्या पुढं काय ठेवतोय हे माहीत नसणं, ते वाईट. दर वर्षी तुझ्या तिथीला तुझ्या आवडीची वांग्याची भाजी करते आणि तुझं पान वाढायच्या आधी ती चाखते. जावा कुजबुजतात. कुजबुजू देत. तू हयात असतीस तरी चाखली असती, तुझ्यादेखत.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, पाठवण्यासारखी जागाही नाही. पण कालच्या त्या बाईचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, कारण तशीच चोरून मीही एकदा उभी होते. त्या दिवशी तू दूधवाल्याकडे होतीस तेव्हा मला शंका आली. मी भिंतीकडे तोंड करून तळहातावर थेंब घेतला. डबे अजून रिकामे होते, बटाटे टोपलीत होते, डाळ वाढवता आली असती. पण सांगितलं असतं तर चाखलं हे कळलं असतं. तू आलीस, मी पळी तुझ्या हातात दिली आणि गप्प राहिले. खारट होतं, आई. मला माहीत होतं.